बॅटरी सुखरूप आहे

दादा,

धाकट्याचा नमस्कार. मी ठणठणीत आहे, तुझ्या गाडीच्या रंगावर ओरखडाही नाही. वहिनी कशी आहे? दिवस भरत आलेत, तिला जड काही उचलू देऊ नकोस.

तू शिकवलंस तसंच केलं. तंबू टेकडीवर, गाडी खाली रस्ता संपतो तिथे. रोज संध्याकाळी बॅटरी काढून खांद्यावरून वर आणायचो, म्हणजे कोणाला गाडी चालूच करता येणार नाही. मित्र हसायचे.

आज सकाळी खाली गेलो तर गाडी दगडांवर उभी. चारही चाकं गेलीत, स्टेपनीसुद्धा.

इथे फोन लागत नाही. मित्र पायी निघालेत, त्यांच्याजवळ ही चिठ्ठी देतोय. मी गाडीतच थांबतो, नाहीतर उद्या दारंही काढून नेतील.

वहिनीसाठी गाडी लागेल म्हणून परवा परतणार होतो. शेजारच्या काकांना आजच त्यांच्या गाडीचं सांगून ठेव. आईला यातलं काही बोलू नकोस.

वहिनीला सोडून तू इकडे येऊ नकोस, माझ्या गळ्याची शपथ. पण दादा, पाणी संपत आलंय आणि मला काही सुचत नाही. काय करू ते कोणाकडून तरी कळव.

तोवर बॅटरी मांडीवर घेऊन बसलोय.

तुझा,
धाकटा