मोत्याचा मोतीबिंदू

सांगली, ४ नोव्हेंबर १९९६

चि. सौ. चारूस, अ. उ. आ.

इकडे सर्व क्षेम. आपला मोत्या कुपवाडच्या वाटेवर मांजरामागं उसात शिरला, तेव्हापासून त्याचा डावा डोळा लाल होता. आता मध्ये पांढरा झालाय. बघताक्षणी ओळखलं, मोतीबिंदू! माझंच ऑपरेशन नुकतं झालंय, मला कोण शिकवणार? माझे उरलेले थेंब त्याला घालतो, लाली लगेच उतरली. माझी हिरवी पट्टीही बांधली, ती त्यानं फाडली. जनावरांच्या डॉक्टरांना उगाच कशाला त्रास?

तुझा दादा

सातारा, ७ नोव्हेंबर

ती. दादास, शि. सा. न.

दोन वर्षांच्या कुत्र्याला मोतीबिंदू! आता पेन्शनही चालू कर त्याची. नाव मोत्या, म्हणून रोगही मोतीबिंदूच का रे?

तुझी भाची ओवी शिरवळच्या कॉलेजात जनावरांची डॉक्टर होतेय, आठवतं ना? ती म्हणते, उसाच्या पातीनं बुबुळ कापलं की आत बुरशी धरते. तुझ्या थेंबांत स्टेरॉइड असतं, त्यानं लाली उतरते आणि बुरशीचं फावतं. तुझ्या शेजाऱ्यांकडं फोन करून तिनं हेच सांगितलं, तर म्हणालास म्हणे, बुरशी लोणच्याला येते, डोळ्याला नाही. धन्य आहेस बाबा! थेंब आजच बंद कर आणि त्याला शिरवळला ने, नाहीतर डोळा जाईल.

तुझी चारू

सांगली, १६ नोव्हेंबर

चि. सौ. चारूस, अ. उ. आ.

जीप करून शिरवळला गेलो. डॉक्टरांनी डोळा बधिर करून बुबुळावरचं जरासं खरवडून काचेवर घेतलं. ओवीनं मला मुद्दाम सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. तंतूच तंतू! आधीचे थेंब कुणी दिले, असं डॉक्टरांनी विचारलं. म्हटलं, सांगलीतले एक अनुभवी गृहस्थ आहेत. ओवी छताकडं बघत राहिली.

आता तासातासाला बुरशीवरचे थेंब, आणि डोळा चोळू नये म्हणून गळ्यात बादलीएवढी कॉलर. डोळा वाचेल का, कुणी सांगत नाही. मला जेवण जात नाही गं.

दादा

सांगली, २० डिसेंबर

चि. सौ. चारूस, अ. उ. आ.

बुरशी गेली, डोळा काढावा लागला नाही. पण पांढरा वण राहिला, त्या डोळ्यानं दिसत नाही. ओवी म्हणते, सुरुवातीलाच आणला असता तर नजर राहिली असती. डाव्या बाजूनं गेलो की मोत्या मला वासानं ओळखतो आणि शेपूट हलवतो. लाज वाटते, चारू. तू चार शब्द सुनाव, बरं वाटेल.

दादा

सातारा, २४ डिसेंबर

ती. दादास, शि. सा. न.

चार शब्द कसले, पोतंभर साठवले होते. शेपूट हलवतो हे वाचलं आणि निम्मे गिळले. उरलेले ऐक. ऑपरेशन करून तुला लांबचं दिसायला लागलं, नाकाखालचं काही दिसेना. यापुढं फिरायला जाताना मोत्याच्या डाव्या अंगानं चाल. ती बाजू आता तुझ्याकडं.

लोभ मोत्यावर असू दे, त्याच्या औषधपाण्यावर नको.

तुझी चारू