एमरिसचा चेंडू कोण झेलणार?

ऑर्वेल फॉल्स,
५ ऑगस्ट १८७८

ती. ताईस,
एमरिसचा सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. चेंडू फेकणारा पिचर म्हणून बेसबॉलचे तीन सामने जिंकले, लोकांनी खांद्यावर घेऊन मिरवलं! पण माझ्या वळणाऱ्या चेंडूनं फलंदाजामागं चेंडू झेलणाऱ्या आमच्या कॅचरचं बोट मोडलं, आणि नवा गडी चेंडू आला की डोळेच मिटतो. तीनदा चुकून बाद व्हायचा फलंदाजही, चेंडू झेलला गेला नाही की पळत सुटतो आणि वाचतो.

मॅनेजरनं विचारलं, गावी तुझा चेंडू कोण झेलायचं? सगळे बसले होते गं. बहीण म्हणायची लाज वाटली, भाऊ म्हणालो. आता तो म्हणतो, शनिवारपर्यंत भावाला आण, नाहीतर तूही चालू लाग. शेजारच्या डेव्हिसच्या थोरल्याला झेलायला शिकवून भाऊ म्हणून पाठवशील का?

बाबांना नमस्कार. रागावलीस तरी लोभ असू दे.

तुझा,
एमरिस


फेअर हेवन,
७ ऑगस्ट

चि. एमरिस यास,
अ. आ.

गाढवा! डेव्हिसच्या थोरल्याला ताटातला बटाटा धरता येत नाही. मीच येते. बाबांची विजार आखूड केली, केस टोपीत कोंबले. बाबा दोन तास फुगून बसले, मग म्हणाले, चालताना ढांगा टाक.

कोठारामागे तुझे चेंडू झेलून हात सोलवटले, पण खरं मैदान कधी पाहिलं नाही रे. जीव नुसता उतावीळ झालाय. शुक्रवारच्या गाडीनं निघते. कच खाऊ नकोस!

तुझी ताई,
कॅट्रिन


ऑर्वेल फॉल्स,
८ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न.

येऊ नकोस. मी खरं सांगून टाकलं. सगळे खो-खो हसले, मॅनेजरनं मला नारळ दिला. तू उघडी पडली असतीस, तर तुझी हुर्यो मला बघवली नसती. सोमवारी निघतो.

तुझाच,
एमरिस


फेअर हेवन,
९ ऑगस्ट

चि. एमरिस यास,
आशीर्वाद आहेत, पण आज मोजकेच.

तुझं पत्र पोस्टमननं स्टेशनावर हातात दिलं. विजारीतच बाकावर बसून रडले. माझी हुर्यो मी सोसली असती रे. मला विचारायचं तरी होतंस!

पुढच्या शनिवारी आपल्या गावचे खाणवाले शेजारच्या पोल्टनी गावाशी खेळणार आहेत. तू परत येतोयस हे कळताच, पिचर म्हणून तू हवास, असं सांगायला संध्याकाळी घरी आले होते. मी म्हटलं, कॅचर मी असेन, झगा घालून, स्वतःच्या नावानं. नाहीतर एमरिसही नाही. कुरकुरले, पण तुझा चेंडू झेलणारं दुसरं आहे कोण?

बाबांचा तुझ्यावर राग नाही. माझा आहे. मैदानात उतरलास की आधी सगळ्यांदेखत मोठ्यानं सांगायचं, ही माझी बहीण. त्याशिवाय तुझा एकही चेंडू झेलणार नाही.

लोभ आहे, म्हणूनच एवढं लिहिलं.

तुझी ताई,
कॅट्रिन