फिलिपचं पाप

३ ऑगस्ट, भाटघर
फिलिप भरतीला निघाला तेव्हा पप्पा म्हणाले होते, "देवापुढं उभा राहशील तेव्हा हुकूम देणारा साहेब शेजारी नसेल." माझा धाकटा भाऊ नुसता हसला होता. चोवीस वर्षांची फौज संपवून जूनमध्ये घरी आलाय.
आज महिन्याची मिस्सा, आमच्याच हॉलमध्ये. फादर पुण्याहून येतात. आसपास कॅथलिक घरं सातच. ख्रिस्तप्रसादाची वेळ झाली आणि फि. तो न घेताच उठून गोठ्याकडे गेला. सलग तिसऱ्या मिस्सेला हेच.

५ ऑगस्ट
भांडी विसळताना फि. बोलला. नळ मोठा सोडून.
चकमकीत समोरच्यानं शस्त्र टाकलं होतं. हात वर. फि.नं गोळी झाडली. "हुकूमसुद्धा नव्हता, ताई. भ्यालो."
जुलैत पापनिवेदनात हेच सांगितलं. फादर म्हणाले, "ते सैनिकाचं कर्तव्य. आदेश गृहीतच असतो. दुसरं काही असेल तर सांग."
दुसरं काही! भाजीवाला तरी तोंडाकडे बघून विचारतो.

७ ऑगस्ट
फादरांना फोन. फि.चं नाव न घेता विचारलं. त्यांनी न्याय्य युद्धाच्या अटी ऐकवल्या : योग्य सत्ता, योग्य कारण, शेवटचा उपाय. उच्चार अगदी स्वच्छ.
"आणि हात वर केलेला माणूस?"
"मॅडम, तुम्ही लेखिका. भावनिक होता."
कैद्याला, जखमीला माणुसकीनं वागवा, हे चर्चनंच लिहून ठेवलंय. यांनी तेवढं पान वाचलेलं दिसत नाही. की वाचूनही...

१० ऑगस्ट
शेजारचे तात्या ओरडतच आले. "फिलिप, भोरच्या यष्टी स्टँडवर तुजा फ्लेक्स लागला की! फोटू पासपोर्टचाच व्हता, म्हून पोरांनी दुसऱ्या फौजीचं धड जोडलंय. बंदूक लई झ्याक आलीया!"
"मुंडकं तरी माझंच हाय न्हवं, तात्या?"
"व्हय की! वळखू येतंय."
दोघं खो खो हसले. मला जमलं नाही. कारण त्याच्या सत्काराचं मानपत्र मीच लिहिलंय. फादरांनी सांगितलं म्हणून जूनमध्ये लिहून दिलं. 'शत्रूला धूळ चारणारा.' पाच पुस्तकं लिहिलेल्या बाईची ही भिकार ओळ. विचारलंसुद्धा नाही मी त्याला, काय झालं होतं ते.
पंधराला स्वातंत्र्यदिन आणि मरियेचा सण एकदम. फादर ते भर मिस्सेत वाचणार. फि.नं गणवेश घालून वेदीशेजारी उभं राहायचं.

१३ ऑगस्ट
फि.नं मानपत्र वाचलं. "ताई, हे कुणाबद्दल आहे?"
मग कागद परत देत : "मी माफी मागतोय आणि हे शाबासकी देतायत. परवा हे वाचलं तर मी पुन्हा मिस्सेला बसणार नाही." आवाज चढला नाही. म्हणूनच भीती वाटते. तो खरंच बसणार नाही.
माझी प्रत फाडली. फादरांकडची लॅमिनेट केलेली आहे.
नाहीच म्हणतील. तरी आत्ता पाठवला तो मेसेज इथं उतरवते :
"फादर, मानपत्र आणू नका. परवा अर्धा तास लवकर या आणि फिलिपचं पुन्हा ऐका. तो ज्याला पाप म्हणतो त्याला पापच म्हणू द्या. प्रायश्चित्त द्या. सोपं देऊ नका."