समीरची मांडी

रविवार, संध्याकाळ

दोन-एकने जिंकलो, तरी मी मॅच पुन्हा बघत बसलोय. फुटबॉल टीमच्या मॅचचा व्हिडिओ बघून खोट काढणं ही माझी नोकरी. आमचा डिफेंडर समीर दुसऱ्या हाफमध्ये तीनदा दुखरी मांडी धरतो. त्या तीन क्लिपा कापून कोचना दाखवल्या, तर म्हणाले, "जिंकलो ना? बुधवारी तोच खेळणार." समीरला फोन केला, तर तो रडकुंडीला आला, "दादा, कुणाला दाखवू नको. कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय."

बाबा मागून स्क्रीन बघत होते. कामतघरला कापडाच्या कारखान्यात उभा जन्म लूम चालवलेला माणूस. म्हणाले, "एक धागा तुटला तरी आम्ही लूम बंद करायचो. याला कोणीच थांबवत नाय?"

मी कोण थांबवणारा?

टीमला पाठवायच्या व्हिडिओतून तिन्ही क्लिपा डिलीट केल्या. आता त्यात समीर एकदाही मांडी धरत नाही.