खुबा आणि कठडा

महाड, गुरुवार, संध्याकाळ

वहिनी दोन वर्षं काठीवर आहे. आज तिचा ठेकेदार भाऊ कापड्याहून आला तो सोमवारी ठरलेलं खुबा बदलायचं ऑपरेशन मोडायलाच. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं: नव्या खुब्याचा धातूचा दांडा मांडीच्या हाडात सिमेंटशिवाय घट्ट ठोकून बसवतात, मग त्याच्या खरखरीत अंगात हाड वाढून त्याला धरतं. पण या महापंडिताचं एकच, "सिमेंट नाय म्हंजे कच्चा काम हाय. करू नको, ताय."

सिमेंट! याने बांधलेला आमच्या विहिरीचा कठडा पहिल्याच पावसाळ्यात विहिरीत गेला. मी मनात शास्त्रार्थ जुळवत बसलो.

वहिनीच म्हणाली, "आपल्या आज्यानं रचलेला बांध नुस्त्या दगडांचा हाय रे, अजून उभा हाय. तुझा कठडा कुठं हाय?" मग माझ्याकडे वळली, "भावजी, सोमवारची गाडी सांगा."

शास्त्रार्थ राहिला. गाडी सांगितली.