आईची चकचकीत डबी

ती. ताईस,

धाकट्याचा दुरूनच नमस्कार (जवळ यायची हिंमत नाही). तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला थांबला का? इकडे सगळे ठीक आहेत, डबी सोडून.

तर डबी. आईने तुला दिलेली चकचकीत चांदीची डबी, जिच्यावरून मी अकरा वर्षं तुझ्याशी तुटक बोलतोय, आणि जी तू मोठ्या मनाने माझ्याच हवाली केलीस, झाकणावर मिन्याचं निळं फूल काढून दे, लेकीला लग्नात द्यायचीय म्हणून. ताई, मी कामात कसूर केली नाही. निळी काच खलात इतकी घोटली की तुझी भावजय म्हणाली, एवढ्या मनापासून घरातलं कधी काही कुटलं नाहीत. मग ती पूड पाण्यात कालवून बारीक कुंचल्याने पाकळ्या भरल्या, झाकण दिवसभर वाळवलं. आता या धंद्यात भट्टीत घालण्याआधी प्रत्येक धातू कोपऱ्यात कानशीने खरवडून बघायचा असतो. मी पत्र्याचा तुकडासुद्धा बघितल्याशिवाय घालत नाही. पण आईने चांदीची म्हणून दिलेली वस्तू खरवडायची म्हणजे आईलाच खोटं पाडायचं. नाही खरवडली.

भट्टी आठशे अंशांवर, दोन मिनिटांचं काम. दार उघडलं. झाकण नव्हतंच. जाळीखाली करड्या रसाचं थारोळं, आणि त्यात तुझ्या लेकीच्या फुलाचे निळे ठिपके. हातातला चिमटा पायावर पडला, तेही मला तुझ्या भावजयीने सांगितल्यावर कळलं. चांदी एवढ्या आचेला वितळत नाही गं. उरलेली डबी घेऊन कोपऱ्यावरच्या सोनाराकडे धावलो (एका पायात चप्पल, दुसऱ्याला पट्टी). त्याने कानस एकदाच फिरवली आणि म्हणाला, "जस्त आहे साहेब. वरून नुसता निकेलचा मुलामा." अकरा वर्षं मी जस्तापायी रुसलो होतो.

लग्न पुढच्या आठवड्यात. आई पहिल्या रांगेत बसणार आणि डबी हातात मागून घेऊन बघणार. तुझ्यावर हा प्रसंग माझ्यामुळे आला, याची मला मनापासून लाज वाटते.

तुझा,
धाकटा (भट्टी विझवून बसलेला)

ता. क. राहवेना, म्हणून आईला फोन केला. झाकणाचं बोललो नाही, डबीच्या चांदीचं आपलं सहज विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "अरे, चांदीची तुलाच नाही का दिली? ताईला सांगू नकोस हं." मला दिलेली म्हणजे ती काळी कळकट डबी, नुसती समजूत काढायला दिली असं मी धरून चाललो होतो ती. अकरा वर्षं मी तिच्यात काचेचा चुरा ठेवतोय. चांदी काळी पडते, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो, ताई.

आणखी एक ता. क. चुरा ओतून ती डबी घासली. (कानशीनेही खरवडली, आता आईचा भरवसा नाही.) फूल तिच्याच झाकणावर काढलं, छान आलंय. डबी या पत्रासोबतच आहे, ती लेकीची. फक्त एक कर. आई ती बघताक्षणी ओळखेल आणि तुझ्या तोंडाकडे बघेल. तेव्हा तू काहीच माहीत नसल्यासारखी हस. माझ्याकडे मात्र बघू नकोस, मला रडू येईल.