वाटूर फाट्यावरच्या दोन खोल्यांची नोंद

माय, आपल्या फाट्यावरच्या घराची सरकारात नोंद झाली. वरच्या दोन खोल्या आता पाहुण्यांना दिवसाच्या बोलीनं देता येतात. तसं प्रमाणपत्र पर्यटन खात्यानं दिलंय आणि ते मी समोरच्या खोलीत, तू जिथं खानावळीची चूल मांडली होतीस त्या भिंतीवर लावलंय. तुला हसू येईल. आपल्या घरी राहायला माणसं येतात, याला कुणाची परवानगी कशाला लागते, असं तू विचारशील. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. शाळेतून निवृत्त झाले, घर रिकामं, आणि बियाण्याच्या कंपन्यांचे लोक, रस्त्याचे इंजिनीअर फाट्यावर उतरून विचारत असतात की इथं एक-दोन दिवस राहायची सोय कुठं आहे. पुण्याहून लेक म्हणाली, "आई, दे खोल्या, पण नोंदणी करून दे. उद्या काही झालं तर कागद हातात पाहिजे." म्हणून मी कागदांच्या मागे लागले.

पहिला कागद ग्रामपंचायतीचा, नमुना आठचा उतारा. त्यावर मालक म्हणून अजून तुझंच नाव होतं. तुला जाऊन वीस वर्षं होत आली तरी मी कधी ते बदललं नव्हतं. ग्रामसेवक चांगला माणूस आहे, खुर्ची पुढं सरकवून म्हणाला, "मॅडम, अर्ज तुमच्या नावानं अन् घर आईच्या नावानं, असं चालत न्हाई. आधी वारस लावा. मंग आईचं नाव कमी करावं लागंल." नाव कमी करणं, असाच शब्द आहे त्यांच्याकडे. मी अर्ज लिहायला बसले आणि त्या शब्दापाशी माझा हात थांबला. तुझा मृत्यूचा दाखला जोडला, घरपट्टीची पावती जोडली, आणि महिनाभरानं नवा उतारा आला त्यात तू नव्हतीस. मग पोलीस ठाण्याचा दाखला. मग खोल्यांचे, न्हाणीचे, जिन्याचे फोटो. शेवटी पाहणीला एक साहेब आले. खिडक्या उघडून पाहिल्या, नळ सोडून पाहिला, आणि एक जाड रजिस्टर ठेवायला सांगितलं. पाहुण्याचं नाव, पत्ता, ओळखपत्राचा नंबर, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. "एकही माणूस नोंदीशिवाय ठेवायचा नाही," ते म्हणाले. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "याआधी कधी लोक ठेवत होतात का इथं?"

मी पटकन नाही म्हणाले.

पण मागची खोली होती ना, माय. तुझी खानावळ पुढच्या खोलीत, आणि मागं ज्वारीची पोती ठेवायची ती खोली. परतूरकडून किंवा आष्टीकडून आलेली बाई जालन्याची गाडी चुकून फाट्यावर उभी दिसली की तू पदराला हात पुसत बाहेर जायचीस. "गाडी चुकली व्हय? मंग उन्हात कामून उभी? आत ये." ती बाई कोण, कुठली, कोणाची, हे तू विचारत नसायचीस. जेवायला वाढायचीस आणि पोती एका बाजूला सारून सतरंजी टाकायचीस. बाया एक दिवस राहायच्या, कधी दोन दिवस, आणि निघून जायच्या. मला त्यातली एकच आठवते, आणि तिचंही नाव मला माहीत नाही.

मी अकरा वर्षांची आहे. दुपारची वेळ, शाळेला सुट्टी. ती आष्टीच्या गाडीतून उतरते, कडेवर चार-पाच वर्षांची पोर. तिच्या गालावर काळंनिळं झालेलं मला दिसतं, आणि तू ते पाहून न पाहिल्यासारखं करतेस. पोरीच्या अंगातला कपडा फाटलेला आहे. तू पेटी उघडतेस आणि माझा दिवाळीचा निळा फ्रॉक काढून तिला घालतेस. मी म्हणते, "माझा हाय तो." तू म्हणतेस, "तुला आखूड झालाय." तो आखूड झाला नव्हता. मी एकदाच घातला होता. चार दिवस ती पोर माझ्या फ्रॉकमध्ये अंगणात खेळत राहिली आणि मी ओट्यावर बसून तिच्याकडे बघत राहिले. तिची आई तुझ्याबरोबर भाकरी थापायची. तिला जालन्याला मावशीकडे जायचं होतं, मावशीचा निरोप आला की ती निघणार होती.

पाचव्या दिवशी दारात जीप थांबली. दोन माणसं उतरली. त्यातला एक फार गोड बोलणारा. माझ्यासमोर उकिडवा बसून म्हणाला, "बाळा, तुमच्याकडं एक बाई आल्ती का? आमची भावजय हाय. रुसून आली घरून."

तू आत पीठ मळत होतीस. तुला ऐकू गेलं नसेल. मी म्हणाले, "मागच्या खोलीत हाय. तिच्या पोरीनं माझा फ्रॉक घातलाय."

पुढचं तुला माहीत आहे. पिठाचे हात तसेच घेऊन तू मागच्या दारात आडवी उभी राहिलीस. म्हणालीस, "पाहुणी हाय ती माझी." तो तेव्हाही गोडच बोलत होता. "तुमची कोण लागती ती? कोणत्या हक्कानं ठेवली?" तू दारातून हलली नाहीस.  मग ती बाईच उठली, पोरीला उचललं, म्हणाली, "अक्का, तुमचा कायबी दोष न्हाई," आणि जीपमध्ये जाऊन बसली.

तू दोन आठवड्यांनी त्यांच्या गावाला गेलीस. सकाळच्या गाडीनं गेलीस आणि दुपारच्या गाडीनं परत आलीस. हातात माझा निळा फ्रॉक होता, धुतलेला, घडी घातलेला. तो तू पेटीच्या तळाशी ठेवलास. मला दिला नाहीस आणि मी मागितला नाही. तिकडे काय पाहिलंस, ते तू शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. मी मोठी झाल्यावर एकदा विचारलं तर म्हणालीस, "कशाला पायजे आता?" आणि त्यानंतर मागची खोली पुन्हा पोत्यांनीच भरली. गाडी चुकलेल्या बायांना तू पाणी द्यायचीस, जेवू घालायचीस, पण राहा म्हणायची नाहीस.

तुला वाटलं, त्या ड्रायव्हरनं सांगितलं. आष्टीची गाडी आणायचा तो, रोज आपल्याकडे पिठलं-भाकरी खायचा. त्यानंच तिला गाडीत पाहिलं होतं, फाट्यावर उतरवलं होतं. जीप गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो जेवायला आला तेव्हा तू भरल्या खानावळीत त्याला म्हणालीस, "तुला बहीण न्हाई का रे?" तो गोंधळून म्हणाला, "अक्का, काय झालं? मी काय केलं?" तू त्याचं ताट उचललंस. तो उठला, हात धुतले आणि गेला. त्यानंतर कित्येक वर्षं तो गाडी घेऊन फाट्यावरून जायचा, समोरच्या हॉटेलात चहा प्यायचा, पण आपल्या दारात आला नाही. मी तेव्हा चुलीजवळ बसले होते, माय. ताट उचललेलं मी पाहिलं. मी होते सांगणारी. मी तेव्हा बोलले नाही, तू आजारी पडलीस तेव्हा बोलले नाही, आणि तो ड्रायव्हर वारल्याचं कळलं तेव्हाही कुणाला काही बोलले नाही.

हे सगळं मी मुद्दाम आठवत नव्हते. गेल्या महिन्यात एक मुलगी आली म्हणून ते वर आलं. बावीस वर्षांची, पाठीवर पिशवी, एकटी. दोन दिवस खोली हवी म्हणाली. मी रजिस्टर पुढं केलं तर तिचा हात पेनाकडे जाईना. "मॅडम, माझं नाव न्हाई लिहिलं तर चालंल का?" मी का म्हणून विचारलं. ती म्हणाली, "घरचे शोधून राह्यलेत. लग्न लावून देणार हायेत. मला पुण्याला दवाखान्यात नोकरी लागली. परवा मैत्रीण येणार, मंग आम्ही सोबत जाणार." मी तिचं आधार कार्ड पाहिलं. जन्मतारीख दोनदा वाचली. तू असतीस तर तिला आधी जेवायला बसवलं असतंस. मी म्हणाले, "नाव लिहिलं तरच मला तुला ठेवता येतं. न्हाई तर न्हाई." तिनं लिहिलं. पूर्ण नाव, गाव, सगळं. ती लिहीत होती तोवर मी समोर बसून पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला तिचा चुलता आला. पांढरा शर्ट, खिशाला पेन, बोलणं अदबीचं. "मॅडम, आमची पोरगी चुकून इकडं आली का? जरा रजिस्टर दाखवता?" मी म्हणाले, "रजिस्टर पोलिसांना दाखवते. घरच्यांना दाखवायचा नियम नाही." तो आवाज चढवून म्हणाला, "तुम्ही लोकांच्या पोरी लपवता काय? कोणत्या हक्कानं?" मी भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे बोट केलं आणि त्याच्यासमोरच ठाण्याला फोन लावला. अर्ध्या तासात एक पोलीसबाई आली. मुलीला खाली बोलावलं, वय पाहिलं, तिला विचारलं, "तुला कुठं जायचंय?" ती म्हणाली, "पुण्याला." पोलीसबाई चुलत्याला म्हणाली, "ऐकलं का? सज्ञान हाय. बाजूला व्हा." आणि स्वतःच्या गाडीत बसवून तिला जालन्याला सोडलं. तिसऱ्या दिवशी अनोळखी नंबरावरून दोन शब्द आले, 'पोचले मॅडम'. त्यापलीकडे मला काही माहीत नाही.

चुलत्यानं जाताना सांगितलं होतं, "तुमची नोंदणी घालवतो बघा." त्यानं तक्रार केलीच. बिनानोंदीची माणसं ठेवतात म्हणून. पंधरा दिवस मी धड जेवले नाही. लेक फोनवर म्हणायची, "आई, तू बरोबर केलंस, घाबरू नको," आणि मी हो हो म्हणायचे. मग तेच पाहणीचे साहेब चौकशीला आले. रजिस्टर उघडलं, तिच्या नावावर थांबले. वेळ, नंबर, सही, सगळं जागेवर. म्हणाले, "नोंद बरोबर आहे. तक्रारीत काही दम नाही." चहा घेतला आणि जाताना दारात थांबून म्हणाले, "मॅडम, तुमच्यासारखी माणसं पाहिजेत." गावातही तसंच बोलतात. शेजारची म्हणाली, "अगदी आईवर गेलात." 

माय, चुलत्यानं मागितलं तेव्हा मी रजिस्टर उघडलं होतं. पोलीसबाईला सांगितलेल्या हकिगतीत हे नाही, साहेबांच्या कागदात नाही, लेकीलाही माहीत नाही. तो अदबीनं बोलला, मला वाटलं भानगड नको, प्रमाणपत्र जाईल, आणि माझ्या हातांनी रजिस्टर उघडून त्याच्याकडे फिरवलं. पानावर चार नावं होती. तिचं चौथं. तो बोट ठेवून वाचत होता. पहिलं, दुसरं. तिसऱ्या नावावर त्याचं बोट आलं तेव्हा मी रजिस्टर मिटलं आणि मग त्याला नियम सांगितला. वरच्या खोलीतून तिचा आवाज आला नव्हता, मला काही आठवलंही नव्हतं, का मिटलं ते मला आजही सांगता येत नाही. त्याचं बोट आणि तिचं नाव यांच्यामध्ये तेवढं एकच नाव होतं. हे तुला लिहिते आहे, कारण तू हे वाचणार नाहीस. वाचणार असतीस तर बहुतेक लिहिलं नसतं.